आज बारा पावलं दक्षिणेला

भर उन्हाळ्यात मामाने लोकरी टोपी मागितली, तेव्हा मामीने आधी त्याच्या कपाळाला हात लावला आणि मग मला फोन केला.

"ताप नाही गं, पण थंडी वाजते म्हणतात. डोकं ठिकाणावर आहे ना, तू येऊन बघ."

मामा जहाजावर आचारी होता, तीस वर्षं. समुद्रात कधी पडला नाही, घरी बसल्यावर न्हाणीघरात घसरला. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्याने पलंग धरला तो धरलाच. रोज चाला, नाहीतर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामा हो म्हणायचा आणि कूस बदलायचा.

मी वेबसाइट बनवते. कुठल्याही दुखण्यावर माझ्याकडे तेवढं एकच औषध, म्हणून मामासाठी एक पान तयार केलं होतं: गोळ्यांच्या वेळा, चाललेली पावलं, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत बाहेरचं हवामान. त्याच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, आणि "बाहेर कसं आहे गं?" हे दिवसातून वीसदा ऐकून मामीचे कान किटले होते. हवामान काही मी मोजत नाही. बाहेरची एक सेवा असते, तिला जागेचे अक्षांश आणि रेखांश कळवायचे, ती तापमान आणि वारा पाठवते. दहा मिनिटांचं काम म्हणून मी ते दहा मिनिटांत उरकलं होतं.

गेले तर मामा टोपी घालून पडलेला, छातीवर टॅब. पंखा गरगरत होता आणि माझा घाम थांबत नव्हता. टॅबवर लिहिलं होतं: तीन अंश, वारा ताशी बेचाळीस किलोमीटर, धुकं.

मी कपाळावर हात मारला. आकडे उलटे घातले होते, अक्षांशाच्या जागी रेखांश. सेवेने कुरकूर केली नव्हती. मी विचारलं त्या जागेचं हवामान ती इमानाने पाठवत होती, आणि ती जागा होती पार उत्तरेला, ध्रुवाकडच्या भर समुद्रात. मी उभ्या उभ्या आकडे सरळ केले. छत्तीस अंश, वारा नाही.

मामाने ते वाचलं, टोपी काढून मामीच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. गोळ्याही तशाच राहिल्या.

"तुला माहीत होतं ना, चुकलंय ते?" मी त्याच्याजवळ बसून विचारलं.

"पहिल्याच दिवशी कळलं. इतका वारा गल्लीत आला असता तर समोरचे पत्रे उडाले असते."

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला? छान चाललं होतं. डोळे मिटले की पलंग हळूहळू डोलायचा, भिंतीपलीकडे पाणी असायचं. तू मला न विचारता किनाऱ्यावर उतरवलंस."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. माझा राग नेहमीच पुढे धावतो. "ठीक आहे," मी म्हटलं, "परत नेऊन सोडते. पण आता जहाज तुझ्या पायांवर चालेल. तू जेवढी पावलं टाकशील तेवढंच ते घराकडे सरकेल. नाही टाकलीस तर बस तिथेच गारठत."

मी आकडे पुन्हा उलटे केले आणि दोन दिवस तो गारठत बसला. तिसऱ्या दिवशी पानावर आकडा आला: बारा पावलं. जहाज तेवढं दक्षिणेला सरकलं, आणि तिनाचे चार अंश झाले.

मी आखलेली वाट सरळ घराकडे येत होती. मामाने नकाशा बघून मला वेड्यात काढलं. "जहाज डोंगरावरून नेतेस होय? वळसा घाल." वळशाने पावलं दुप्पट झाली, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

मग दुपारी त्या खोलीत काळ वेगळाच चालायचा. पडदा फुगायचा, भिंतीवरचा उजेड पाण्यासारखा हलायचा, आणि मामा वॉकर टेकत पलंगापासून कपाटापर्यंत एक समुद्र ओलांडायचा. नऊ अंशांना टोपी उतरली, सोळाला मोजे, बाविसाला पांघरूण. मामीसुद्धा कपडे वाळत घालायला निघाली की विचारायची, "आज समुद्र कसा आहे?"

साठ पावलं उरली आणि मामा थांबला.

"बंदराबाहेर नांगर टाकून थांबावं लागतं," तो म्हणाला. "आल्या आल्या जागा मिळते थोडीच."

तीन दिवस नांगर हलला नाही. ती साठ पावलं मी घरातल्या बोळातून, उंबरठा ओलांडून गॅलरीपर्यंत आखली होती. उंबरठ्याला तो घाबरला होता, हे मला कळत होतं.

"बंदर येताना कसं दिसतं रे?" मी विचारलं.

"मला काय माहीत? बंदर यायचं तेव्हा सगळे वर कठड्याशी आणि मी खाली कढया घासत. तीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही."

"आणि मी धक्क्यावर उभी राहून हात हलवायचे," मामी दारातून म्हणाली. "परके लोक उलट हात हलवायचे. हे यायचे दोन तासांनी, सगळ्यांच्या शेवटी, हाताला कांद्याचा वास घेऊन." तिने पिशवी उचलली, चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" मामाने विचारलं.

"घ्यायला," ती म्हणाली आणि जिना उतरली.

मामाने पाय पलंगाखाली सोडले. मग म्हणाला, "वॉकर आण."

बोळात तो दोनदा थांबला. उंबरठ्यावर माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. गॅलरीत पोचल्यावर त्याने वॉकर सोडून दोन्ही हातांनी कठडा धरला. माझ्या हातातल्या टॅबवर आमच्याच घराचे आकडे होते. छत्तीस अंश, वारा नाही.

खाली रस्त्याने माणसं ये-जा करत होती. त्यांच्या मधोमध मामी उभी होती, पिशवी पायाशी ठेवून, हात आधीच वर केलेला.

हात हलवायचा तर कठडा सोडावा लागणार होता. मामाने खाली पाहिलं, पाय नीट रोवले आणि एक हात सोडला.