व्हर्नेलचं आवर्तन

व्हर्नेल गेन्सने थॅडियस प्रुइटचे समोरचे दोन दात पाडले, तेव्हा दोघं डेट्रॉइटच्या एकाच बँडमध्ये होते. कारण काय, तर थॅडच्या सॅक्सोफोनला व्हर्नेलच्या ट्रम्पेटपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. सगळ्यांदेखत ठोसा हाणून व्हर्नेल वर म्हणाला, "आता वाजव, बोळक्या!"

सॅक्सोफोन दातांनी धरावा लागतो. थॅडचं वाजवणंच बंद पडलं. बँडवाल्यांनी त्याला काढलं, व्हर्नेलला ठेवलं. एका हॉटेलात भांडी विसळता विसळता थॅड बासरी शिकला; तिला नुसते ओठ पुरतात. त्या बासरीनेच त्याचं नाव झालं. पुढे नवे दात बसले, सॅक्सोफोन परत हातात आला, न्यूयॉर्कला तबकड्या निघाल्या, स्वतःचा बँड उभा राहिला. डूख मात्र त्याने सोडला नाही.

बऱ्याच वर्षांनी व्हर्नेल काम मागत दारात आला.

"हाकलून दे मेल्याला," थॅडची बायको ओडेसा म्हणाली.

"छे, छे! ठेवून घेतो."

थॅडने त्याला मागे बसवलं आणि नुसती साथ करायला लावली. एकट्याने वाजवायला कधी उभं म्हणून केलं नाही. मग डेट्रॉइटला रविवारी दुपारचा कार्यक्रम ठरला.

"थॅड, आई येतेय रे, चर्चमधून थेट," व्हर्नेल अजिजीने म्हणाला. "एक आवर्तन दे मला, एकट्याने वाजवायला. एकच."

"दिलं, जा. तिसऱ्या गाण्यात."

तिसऱ्या गाण्यात व्हर्नेल पुढे आला. पहिल्या रांगेत त्याची म्हातारी, ठेवणीतली निळी टोपी घालून. त्याने ट्रम्पेट ओठांना लावला मात्र, थॅडने बासरी उचलली आणि ते आवर्तन स्वतःच घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. असं त्याने जन्मात वाजवलं नव्हतं. व्हर्नेल ट्रम्पेट खाली करून खांबासारखा उभा. लोक उठून ओरडायला लागले. म्हातारीनेही टाळ्या पिटल्या आणि मध्यंतरात लेकाला विचारलं, "तू कधी वाजवणार रे?"

व्हर्नेल तडक थॅडकडे आला. "तुझे दात पाडले तेव्हा मी प्यायलेलो होतो. तू तर शुद्धीत होतास."

"अगदी पुरता. जा, बस मागे."

व्हर्नेल बसला नाही. आईचा हात धरून निघून गेला तो मोटारींच्या कारखान्यात लागला. तसा ट्रम्पेटवाला थॅडला पुन्हा मिळाला नाही. हे तो स्वतःच सांगे. पण कुणी विचारलं, वाईट वाटलं का, तर म्हणे, "वाटलं ना! म्हातारी अर्ध्यातून उठली. उरलेली गाणीही तिला ऐकवायची होती."