घ्या, घेतलं, दिलं

आमचा मास्तर घाबरला की त्याला मराठी फुटे. एरवी परक्या भाषेत विमान शिकवणारा हा गृहस्थ, शिकणाऱ्याने हवेत दांडा भलतीकडे ओढला की थेट आईच्या भाषेवर येई. त्यामुळे त्या परमुलखातल्या छोट्या उड्डाण क्लबात तीन मराठी शब्द सगळ्यांना पाठ होते. घ्या, घेतलं, दिलं.

त्याचं असं आहे. शिकाऊ विमानात दोन दांडे असतात, एक मास्तरपुढे, एक शिष्यापुढे. विमान कोण चालवतंय याचा घोळ झाला तर दोघंही खाली येतात, आणि ठरल्यापेक्षा बरेच लवकर. म्हणून देणाऱ्याने ‘घ्या’ म्हणायचं, घेणाऱ्याने दांडा धरून ‘घेतलं’ म्हणायचं, आणि मगच पहिल्याने ‘दिलं’ म्हणून हात काढायचा. मास्तरच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की चहाचा कपसुद्धा तो असाच देई. लग्नात हार घालताना नवरी ‘घेतलं’ म्हणेना, म्हणून हा हार धरून ताटकळत उभा राहिला होता. हे मला खुद्द त्याच्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं. मी क्लबात विमानांची दुरुस्ती करत असे. आपल्याकडचे तिथे आम्ही दोघंच, त्यामुळे सासूबाईंचा एक फोन जावयाला गेला की दुसरा मला येई, जावई खरं बोलला का ते पडताळायला.

त्या दिवसांत फोन फार वाढले होते. मास्तरच्या बायकोचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण, आणि गुरुवारच्या विमानाने घरी पोचायचं त्याने कबूल केलं होतं. पण परदेशी नोकरदाराला देशाबाहेर पडायचं तर परवान्यावर विमानतळाच्या मोठ्या साहेबाचा शिक्का लागे. आणि नेमकं तेव्हाच तिथलं सरकार पडलं.

पडलं म्हणजे अर्धं पडलं. जुने म्हणत, आम्ही गेलोच नाही. नवे म्हणत, आम्ही आलोसुद्धा. नव्यांनी विमानतळावर आपला साहेब धाडला. जुना साहेब खुर्चीतून उठेना, तेव्हा नव्याने दुसरी खुर्ची मागवली आणि त्याच टेबलाच्या पलीकडे ठाण मांडलं. शिक्का जुन्याच्या मुठीत होता. नव्याने चपळाई करून शाईचं पॅड उचललं आणि मांडीखाली घातलं. पॅडचं झाकण सैल होतं, हे त्याच्या विजारीवरून दुपारपर्यंत सगळ्या विमानतळाला कळलं.

मास्तर परवाना घेऊन गेला. जुन्या साहेबाने मोठ्या मनाने कोरडा शिक्का मारून दिला. दाबून मारलाय, उजेडात तिरका धरला की दिसतो, म्हणाला. नव्याने कुरघोडी म्हणून शेजारी आपला निळा अंगठा उमटवला. दारावरच्या पोलिसाने कागद तिरका धरला, सरळ धरला आणि परत दिला. सासूबाईंनी विचारलं, तुमच्याकडे सरकार आहे की नाही ते एकदा ठरवून सांगा, म्हणजे मी दुसऱ्या कोणाला दवाखान्यात बसवायची सोय करते.

यात गंमत अशी की दोघेही साहेब मास्तरचे शिष्य होते. सरकार डळमळू लागल्याबरोबर जुने साहेब सकाळच्या तासाला येऊ लागले. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी मोकळी हवा सांगितलीय, म्हणाले. नवे संध्याकाळी येत. त्यांना म्हणे धावपट्टीची वरून पाहणी करायची होती. उद्या बाजू उलटली तर पळता यावं म्हणून शिकताहेत, हे क्लबातल्या मांजरालाही ठाऊक होतं. दोघांची खोड मात्र वेगळी. जुन्या साहेबांच्या हातून दांडा सुटत नसे आणि नव्यांना न मागता ओढायची घाई. मास्तरने दोघांनाही जमिनीवर बसवून डबा, छत्री, केळं, हाताला येईल ते देऊन-घेऊन तालीम करून घेतली होती. शेवटी शेवटी तर दोघं झोपेतसुद्धा ‘घेतलं’ म्हणतात, अशी त्यांच्या बायकांची तक्रार होती.

बुधवारी मास्तर पुन्हा साहेबांच्या खोलीत गेला. धीर द्यायला मी बरोबर होतो. त्याने हात जोडले, बाळंतपणाचं सांगितलं. जुने म्हणाले, मला फार वाईट वाटतं, पण शिक्का गेला की मी गेलो. नवे म्हणाले, मलाही वाटतं, आणि पॅडवर आणखी घट्ट बसले. तेवढ्यात मास्तरचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“जावईबापू, कळा सुरू झाल्यात. येताय, की बारशालाच येणार?”

मास्तरचा चेहरा विमान नाक खाली करून निघाल्यासारखा झाला आणि त्याला मराठी फुटली. हवेतल्या आवाजात तो जुन्या साहेबांवर ओरडला, “घ्या म्हणा!”

जुन्या साहेबांचा हात आपोआप पुढे झाला. “घ्या.”

नव्यांनी शिक्का धरला. “घेतलं.”

“दिलं,” म्हणून जुन्यांनी हात काढला आणि ते आपल्याच रिकाम्या पंजाकडे बघत राहिले.

शिक्का हातात आल्याच्या आनंदात नवे ताडकन उभे राहिले, पॅड उघडं पडलं, आणि मी परवाना त्यांच्या नाकाखाली सरकवला. साहेबी गाजवायला एवढा चांगला मुहूर्त कुठला? त्यांनी शिक्का मारला, असा की टेबलावरचा पेला हलला.

जुन्या साहेबांचे डोळे भरून आले. मी तर तालीम समजून म्हणालो, एवढंच ते पुटपुटत होते. मास्तरने कागद खिशात घातला. पण शिष्यांत दुजाभाव करायचा त्याचा स्वभाव नाही. दारातून वळून तो नव्यांना म्हणाला, “आता तुमची पाळी. घ्या म्हणा.”

आणि देवाशप्पथ सांगतो, नव्या साहेबांनी म्हटलं. जुन्यांनी ‘घेतलं’ म्हटलं, नव्यांनी ‘दिलं’, आणि शिक्का पुन्हा जिथल्या तिथे. आम्ही जिना उतरेपर्यंत वरून तेच तीन शब्द आळीपाळीने ऐकू येत होते. थांबायचं कुणी, हे मास्तरने शिकवलंच नव्हतं.

मास्तर पोचला तेव्हा मुलगी जन्मून आंघोळ घालून तयार होती. मला हे सगळं फोनच्या पडद्यावर दिसलं. सासूबाई दुपटं घेऊन खाटेशेजारी उभ्या, मास्तर हात-पाय धुऊन समोर. त्याने दोन्ही हात दुपट्याखाली नीट घातले, मान सावरली, आणि नियमाप्रमाणे खणखणीत म्हणाला, “घेतलं.”

सासूबाईंनी हात हलवला नाही.

“थांबा, जावईबापू,” त्या म्हणाल्या, “मी अजून ‘घ्या’ कुठे म्हटलंय?”