माझ्या इतिहासातून गायब झालेली चष्मेवाली

मी एक फाइल बोलतेय. कपाटातली, दोरी बांधलेली नव्हे हं, कॉम्प्युटरमधली. लिफ्टमधली ती गोड आवाजाची बाई "पहिला मजला" म्हणते ना, तिचा बोलविता धनी मी. कोणत्या मजल्यावर काय बोलायचं, ते माझ्यात लिहिलेलं असतं.

माझा जन्म एका लिफ्ट कंपनीत, ऐन जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत झाला. त्यामुळे एक खोट राहिली: मी तळमजल्यापासूनच एक मोजायचे. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली की बाई ठणकावून सांगायची, "तिसरा मजला!"

ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने माझी खोट दुरुस्त केली. आमच्यात कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. तोच माझा इतिहास. मला वाटलं, सुटले बाई एकदाची!

कसली सुटतेय! एका इमारतीतले आजोबा लिफ्टवर विश्वास ठेवून भलत्याच मजल्यावर उतरले, उघड्या दारातून आत शिरले आणि तिथल्या सोफ्यावर चक्क झोपले. त्या घरच्या सूनबाईंनी आधी त्यांच्या अंगावर चादर घातली, मग कंपनीला फोन केला.

साहेबांनी चष्मेवालीला बोलावलं. "तुम्ही दुरुस्त केलंय म्हणालात?"

"केलंय, साहेब."

"इतिहासात तुमचं नावच नाही. न केलेलं काम केलं म्हणणाऱ्याला मी नोकरीत कायम कसं करू? संध्याकाळपर्यंत दाखवा."

बिचारीचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं. ओरडून सांगितलं असतं, पण लिफ्टला बोलायला लावणारी मी स्वतः मुकी!

शेजारच्या टेबलावरचा वादळ (हे त्याचं टोपणनाव, आणि ते उगाच पडलेलं नाही) म्हणाला, "अगं, परत दुरुस्त कर की."

"कामाचं काही नाही रे. मला खोटी ठरवलंय."

मग ती स्वतःशीच पुटपुटली, "ताईच्या लग्नाच्या अल्बमसारखं झालं. मुलाकडच्यांनी केला, तर त्यात आमचे बाबा एकाच फोटोत, तेही पाठमोरे." आणि ती ताडकन सरळ बसली. "वादळा, तेव्हा तूही या फाइलवर काम करत होतास ना?"

होता ना! दोघांनी माझ्या दोन वेगळ्या प्रतींवर काम केलं होतं. त्या एकत्र करताना कॉम्प्युटरने विचारलं, दोघांचं जुळत नाही, कोणाचं ठेवू? वादळाने जांभई देत "माझंच" निवडलं. तिची दुरुस्ती गेली. आणि माझा इतिहास मागितला की कॉम्प्युटर जवळची वाट धरतो: आजची मी ज्या बाजूने आले, तेवढ्याच बाजूचं सांगतो. दुसरी बाजू जपलेली असते, पण मुद्दाम मागावी लागते. अगदी मुलाकडचा फोटोग्राफर!

तिने दोन्ही बाजूंचा इतिहास मागितला. आला की! तिचं नाव, तारीख आणि तिचेच शब्द: "तळमजला शून्य मोजला."

तिने साहेबांना बोलावून ते दाखवलं. वादळाची झुळूक झाली. "साहेब, माझ्यामुळे गेलं ते," तो म्हणाला.

"बरं, झालं गेलं विसरून जा," साहेब चष्मेवालीला म्हणाले. "पुन्हा दुरुस्त करा. तुम्हाला कायम केलं."

"दुरुस्त केलंय, साहेब, आत्ताच. नोंद तेवढी तुम्ही लिहा."

साहेबांनी घसा खाकरला आणि एका बोटाने टकटक करत लिहिलं: "दुरुस्ती चष्मेवालीची, तेव्हाही आणि आताही. शंका माझी होती, ती काढून टाकली."

वाचकहो, माणसांनी तोंडी मागितलेली माफी चहा होईपर्यंत टिकते. ही माझ्या पोटात आहे. कधी माझा इतिहास मागाल तर दोन्ही बाजूंचा मागा, एवढीच विनंती. आणि ही नोंद हरवण्याची कोणाची टाप असेल, तर त्याने खुशाल समोर यावं!