लग्नानंतरचं बोलणं

लग्नाला नऊ दिवस झाले होते. कोर्टातून साडेपाचला घरी आलेल्या नवऱ्याने हातपाय धुतले, चहाचा कप जवळ ओढला आणि बायकोकडे न बघता एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "ताई कुठेही गेलेली नाही. पूर्णविराम."

बायकोला वाटलं, कामाची सवय. तो कोर्टात लेखनिक होता. साक्षीदार बोलायचे, न्यायाधीश मजकूर सांगायचे आणि हा टंकत बसायचा. बावीस वर्षं विरामचिन्हांसकट ऐकत आलेल्या माणसाच्या जिभेवर एखादं राहून जायचंच.

"म्हणजे? वन्सं परत येणारेत का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि चहा फुंकत राहिला.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. शाळेत गणित शिकवायची, लग्न केलं नाही, भाऊ हेच तिचं विश्व. ती निवृत्त झाली आणि परदेशात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या सोबतीला गेली, असं तो सगळ्यांना सांगायचा. तिचं एक टंकलेलं पत्रही होतं. शेजाऱ्यांनी ते वाचलं, 'बरं झालं हो, जग बघितलं बिचारीने,' म्हटलं आणि आपापल्या कामाला लागले. लागली नाही ती फक्त ताईची मैत्रीण, वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई. ताईने उभ्या जन्मात स्वतःचं पत्र कधी टंकलं नाही, ती हातानेच लिहायची, एवढं एकच त्या धरून बसल्या होत्या. पोलिसांनी चौकशी केली, पण हाती काही लागलं नाही.

बायको दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. कवळ्या, दातांवरच्या टोप्या, दोन दातांमधले पूल. मेणात दात कोरायचे, साचे ओतायचे, हिरड्यांचा गुलाबी रंग जमवायचा. गल्लीत तिला दातवाली म्हणायचे. पुढच्या दाताच्या टोपीचा रंग जुळवायला डॉक्टरांनी लेखनिकाला तिच्याकडे पाठवलं होतं, तिथे ओळख झाली. नम्र, नीटनेटका, कमी बोलणारा. ती एकेचाळीस वर्षांची होती आणि जास्त बोलणाऱ्यांचा तिला कंटाळा होता. बहिणीने विचारलं, "काय बघितलंस गं त्याच्यात?" तर म्हणाली, "दात स्वच्छ आहेत." दोघी हसल्या. नोंदणी कचेरीत सह्या झाल्या आणि ती त्याच्या तळमजल्याच्या घरात राहायला आली.

दहाव्या दिवशी चहाच्या वेळी दुसरं वाक्य आलं. "तिने मला आयुष्यात एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. पूर्णविराम."

अकराव्या दिवशी तिसरं. ते ऐकून दातवालीच्या हातातली बशी खाली पडली. तो उठला, तुकडे एकेक करून वेचले, कागदात गुंडाळले आणि वर लिहिलं, 'काच, जपून.' मग शांतपणे म्हणाला, "अगं, घाबरतेस कशाला? तुला कोणी काही विचारू शकत नाही. नवरा लग्नानंतर बायकोला जे सांगतो, ते तिला कोर्टात बोलता येत नाही. तिची इच्छा असली तरी. माझी परवानगी लागते, आणि ती मी देणार नाही. घटस्फोट घेतलास तरी फरक पडत नाही. मी मेलो तरी नाही. मी हे किती वेळा टंकलंय."

"मग मला सांगता तरी कशाला?"

"कोणाला तरी सांगायला हवं ना," तो म्हणाला. "बावीस वर्षं लोकांचं ऐकलं. माझं कोण ऐकणार?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा संसाराला बायको शोधत नव्हता. त्याला तोंड नसलेले कान हवे होते.

त्यानंतर रोज साडेपाचला एक वाक्य. जास्त नाही, कमी नाही. कसं केलं ते सांगायचा, काय वाटलं ते सांगायचा. कुठे, ते मात्र कधीच नाही. आवाज चढायचा नाही की उतरायचा नाही. वाक्य संपलं की त्याच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखं समाधान यायचं, आणि मग तो भाजी चिरायला मदत करायचा. तिची पाचावर धारण बसली होती. कामावर मैत्रिणी म्हणायच्या, "नवी नवरी अशी का गं, मूग गिळल्यासारखी?" ती हसून मेण तापवायची. एकदा तिने मुद्दाम चहा उशिरा केला. तो खुर्चीत कपाशिवाय तसाच थांबला, सहा वाजेपर्यंत, ओठ किंचित उघडे ठेवून.

विसाव्या दिवशी ती कामावरून परस्पर एका वकीलबाईंकडे गेली. नाव-गाव न सांगता, 'माझ्या एका मैत्रिणीचं' म्हणून सगळं विचारलं. वकीलबाईंनी चष्मा काढला.

"मैत्रिणीचा नवरा कायदा बरोबर सांगतोय. तो बोलला ते कोर्टात येणार नाही."

"मग तिने काय करायचं? असंच ऐकत बसायचं?"

"ऐकणं सोडायचं आणि बघायला लागायचं," वकीलबाई म्हणाल्या. "कायद्याने बायकोचं तोंड बांधलंय, डोळे नाही. त्याने काय केलं, हे तिने स्वतः पाहिलं असेल तर सांगता येतं. आणि लग्नाच्या आधी तो तिला जे बोलला असेल, तेही. आणि तिला म्हणावं, त्या घरात राहू नकोस."

"मैत्रीण थोडे दिवस राहणार आहे," दातवाली म्हणाली.

ती बघू लागली. संध्याकाळचं वाक्य कानावर पडायचं, पण ती त्याचे हात बघायची, पाय बघायची. तीन दिवसांत तिला एक गोष्ट दिसली. स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली होती. जुन्या कागदांचे गठ्ठे, शिडी, रद्दी. त्या खोलीत शिरताना तो दारापाशी नेहमी एक ढांग लांब टाकायचा. हातात ओझं असलं तरी. कोणाशी बोलत असला तरी. वाटेत कोणी झोपलेलं असावं आणि त्याची झोप मोडू नये, अशी ती ढांग होती. त्याचं त्यालाही ते ठाऊक नसावं.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. भर दुपार होती, बाहेर भांडीवाला ओरडत होता. तिने कोठीतलं पायपुसणं उचललं आणि पर्समधली मेण कोरायची सुरी काढली. चार फरश्यांच्या सांध्यांत बाकीच्या खोलीसारखं काळपट सिमेंट नव्हतं. वरून काजळी फासली होती, पण सुरीच्या टोकाने ओरखडा काढला तशी आतून पिवळी भुकटी आली. ती तिने बोटांत चोळली. हे प्लास्टर ती रोज कालवत होती. कवळीच्या साच्याचं, पिवळं, दगडासारखं कडक होणारं. घरबांधणीवाला हे कधी वापरणार नाही.

आणि तिला आठवलं. टोपीचा रंग जुळवायला तो आला होता, तेव्हा जाताना सहज म्हणाला होता, "एखादी पिशवी मिळेल का या प्लास्टरची? घरात एक भेग पडलीय, ती बुजवायचीय." तिने स्वतःच्या हाताने भरून दिली होती. वर, पाणी किती घालायचं, तेही समजावलं होतं.

ती तिथेच फरशीवर बसली. कितीतरी वेळ उठता येईना, कारण उठायचं तर हात टेकायला लागणार होता, आणि टेकायचा कुठे? शेवटी भिंतीला धरून उभी राहिली. पायपुसणं जागेवर ठेवलं आणि तडक वाचनालय गाठलं. ग्रंथपाल बाईंना ती म्हणाली, "त्याने काय सांगितलं ते विचारू नका. मी काय पाहिलं ते सांगते." दोघी मिळून पोलिसांत गेल्या.

त्या दिवशी साडेपाचला लेखनिक घरी आला तेव्हा कोठीच्या फरश्या निघाल्या होत्या आणि ताई सापडली होती. तो दारात थांबला, चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि बायकोकडे पाहून म्हणाला, "आजचं वाक्य राहिलं."

खटला उभा राहिला. तो नोकरीला होता त्याच कोर्टात नको म्हणून दुसऱ्या कोर्टात चालवला. दातवाली साक्षीला उभी राहिली. लेखनिक आरोपीच्या कठड्यात होता, आणि त्याची बोटं लाकडावर सारखी हलत होती. ती काय करताहेत हे तिला क्षणभराने कळलं. तो तिची साक्ष टंकत होता.

सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीने तुम्हाला बहिणीबद्दल काय सांगितलं?"

त्याचा वकील ताडकन उठला. "हरकत आहे. लग्नानंतरचं बोलणं आहे. माझ्या अशिलाची संमती नाही."

न्यायाधीशांनी हरकत मान्य केली. रोज एक याप्रमाणे जमलेली पंधरा वाक्यं तिच्यापाशीच राहिली. कठड्यातून तो तिच्याकडे बघून हलकेच मान डोलावत होता, शिकवलेला धडा बरोबर म्हणणाऱ्या मुलीकडे बघावं तसा.

"बरं. लग्नाआधी काही बोलले?"

"लग्नाच्या अकरा आठवडे आधी," ती म्हणाली, "यांनी माझ्याकडून प्लास्टर मागून नेलं. म्हणाले, घरात एक भेग पडलीय, ती बुजवायचीय."

त्याचा वकील अर्धा उठला, तारखा मनात मोजल्या आणि खाली बसला. लाकडावरची बोटं थांबली. मग ढांग कशी टाकायचा ते तिने सांगितलं, पिवळ्या भुकटीचं सांगितलं, पिशवीत किती प्लास्टर होतं तेही सांगितलं. पुढे त्याच्या टंकयंत्रावरच ते पत्र निघाल्याचं सिद्ध झालं. जन्मठेप झाली.

दातवाली बहिणीकडे राहायला गेली आणि पुन्हा कामावर जाऊ लागली. सहा महिन्यांनी एका दुपारी ग्रंथपाल बाई प्रयोगशाळेत आल्या. स्टुलावर बसल्या, मांडीवरची पिशवी उगाच चापूनचोपून नीट केली.

"कोर्टात चाललं नाही, ते ठीक. पण इथे आपल्याला कोण अडवणार?" त्या म्हणाल्या. "त्याने तुला सांगितलं असणार. तिला फार त्रास झाला का गं?"

सतराव्या दिवशी त्याने सांगितलं होतं की ताई बराच वेळ जिवंत होती, आणि तिने हाका मारल्या त्या या बाईंना, त्यांच्या लाडाच्या नावाने. ते नाव दातवालीला तेव्हाच पहिल्यांदा कळलं होतं.

"लगेच गेल्या," ती म्हणाली. "त्यांना कळलंसुद्धा नाही, असं म्हणाला."

बाईंनी डोळे मिटले. बराच वेळ रडल्या, मग पदराने तोंड पुसून उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"खोटं सांगत असलीस ना पोरी," त्या म्हणाल्या, "तरी आता बदलू नकोस."

जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तशी दातवालीने मेण पुन्हा तापवलं. कोरायला घेतलेला दात हातात बिघडला होता. तो मोडून तिने नवा करायला घेतला.