डोणीचा कोपरा

"कुणाला विचारून घातलीत ही फुटपाथची सिमेंटची कड? रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे? माझ्या गाडीचं मागचं चाक तुम्ही खाल्लंत. होय, तुम्हीच! मला उत्तर पाहिजे. आजच्या आज!"

रणजीतने फोनवरचं बोट उचललं आणि आवाजी निरोप तक्रारीच्या नंबरावर जाऊन पडला. मग त्याने काचपेपर बादलीत बुडवला, मागच्या डाव्या चाकापाशी पाटावर बूड टेकलं आणि ॲल्युमिनियमच्या ॲलॉय रिमची खरचटलेली कड पुन्हा घासायला घेतली. साहेबलोक उत्तर देत नसतात, हे त्यालाही माहीत होतं. पण चार शब्द सुनावले की हात चांगला चालतो.

त्याच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. कुरुळीत गुरुवारी सकाळी अर्धा गाव अंगणात गाड्या धूत असतो. जिथं तिथं फेस आणि नळीवरून भांडणं. रणजीतच्या अंगणात पूर्वी गोठा होता. बैल विकले, गोठा पाडला, तिथं गाडी उभी राहिली. बैलांना पाणी पाजायची दगडी डोण मात्र फाटकापाशी होती तिथंच राहिली. त्याची आई, मंजुळाबाई, ती हलवू देत नव्हती. दर सणाला तिला गेरूचा हात मारायची.

आत्ता मंजुळाबाई पदर खोचून, नळी धरून, गाडीचं तोंड धूत होती.

"आई, आधी टप धू. वरून खाली यायचं असतं."

"आदी तोंड. डोळ्यांवर पानी पडलं की जनावर गप ऱ्हातं."

"जनावर नाही ते."

"मंग दर गुरुवारी त्याच्याशी काय गुलूगुलू बोलतूस?"

पायरीवर बसलेली तेजस्विनी, रणजीतची बायको, खुदकन हसली. जुन्या लग्नपत्रिका कापण्याचं काम तिच्याकडे होतं. टायर आणि रिमच्या मधल्या फटीत पत्रिकेचे तुकडे खोचायचे, म्हणजे रंगाचा फवारा रबरावर जात नाही. ही युक्ती रणजीत कंपनीतून शिकून आला होता. कंपनीत जाड पुठ्ठा असतो, घरात लग्नपत्रिका.

"अहो, ही दिपालीताईंच्या लग्नातली आहे. कापू का?"

"काप की. लग्न झालं, आता काय."

"लगीन झालं, पर लेकीची भेट कुटं हुती?" मंजुळाबाई बॉनेटमागून म्हणाली. "दिघी म्हंजी काय काशी हाय? पर न्हाई. गाडी बाहेर काडायची, धुवायची, पुसायची, परत आत लावायची. पूजाच नुसती."

"पुढच्या गुरुवारी नेतो तुला दिपालीकडं."

"पुडच्या गुरुवारी गाडी कुणाच्या दारात आसंल?"

रणजीतने काचपेपर पुन्हा बादलीत बुडवला. गाडीचा सौदा ठरला होता. त्याच्याच लाइनवरचा कुलदीप आज दुपारी गाडी बघायला येणार होता. त्यासाठीच हा सगळा घाट. रस्त्यावर ही उंच कड आली तेव्हापासून रणजीतने मनाशी पक्कं केलं होतं, की ही खुजी गाडी काढायची आणि एखादी उंच गाडी घ्यायची.

"आणि तसंही," तो घासता घासता म्हणाला, "मी जातो कंपनीच्या बसने. गाडी दिवसभर नुसती उभी असते. उभ्या गाडीला करायचंय काय?"

तेजस्विनीची कात्री थांबली. मंजुळाबाईने नळीचं तोंड दाबलं, पाण्याचा फवारा मोठा झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

काचपेपरखालून लाल गाळ निघाला. रणजीतने तो फडक्याने टिपला. "गंज," तो पुटपुटला आणि घासत राहिला. पुन्हा लाल. मग त्याचा हात मंदावला.

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही. हे सांगायला इंजिनियर लागत नाही. कुरुळीतल्या कुठल्याही घरातला, कंपनीत एक पावसाळा काढलेला माणूस ते सांगेल. आणि रस्त्यावरची कड पिवळी-काळी रंगवलेली होती. मग हे लाल आलं कुठून?

कंपनीत माल खराब निघाला, की एकापाठोपाठ पाच वेळा "का" विचारायचं. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. पहिलं उत्तर नेहमी दुसऱ्या डिपार्टमेंटवर ढकलतं. हे रणजीत नव्या पोरांना ओरडून शिकवायचा. घरी आल्यावर मात्र त्याने पहिलंच उत्तर धरलं होतं आणि फोनवर ओरडून मोकळा झाला होता.

त्याने मान वळवली. फाटकाशी डोण होती. तिच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावरचा गेरू उडाला होता आणि उघड्या दगडावर चकचकीत चंदेरी ओरखडा होता. एक नाही, एकाखाली एक बरेच. वरचा जुना, खालचा ताजा.

तो उठला. हातातलं फडकं पिळत गाडीमागे गेला. मागच्या काचेच्या कोपऱ्यात डिंकाचा चौकोन होता, कुणी काहीतरी चिकटवून पुन्हा पुन्हा काढल्यासारखा. त्याने नख लावलं. नखात लाल कागदाचा कण आला. शिकाऊ गाड्यांवर असतो तसला लाल.

"तेजस्विनी."

ती आलीच नाही. पत्रिकेचे तुकडे आता इतके बारीक झाले होते की कशालाच उपयोगाचे नव्हते. तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"तू तर लायसनवाली आहेस. लाल पाटी कुणासाठी लावलीस?"

तिने सासूकडे पाहिलं. सासू गाडीच्या पलीकडे नारळाच्या शेंडीने उजवं चाक घासत होती. बैलाचा खूर घासावा तशी, मन लावून.

"सोमवारी परीक्षा आहे आत्यांची," तेजस्विनी हळूच म्हणाली. "शिकाऊ परवाना मिळून झालाय. मी शेजारी बसते. रिकाम्या प्लॉटवर शिकवलं आधी, मग गल्लीत. परीक्षेला गाडी आपलीच न्यावी लागते."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगणार होतो. पास झाल्यावर. तोवर तुम्ही गाडीच विकायला काढलीत."

"मी कुलदीपला शब्द दिलाय."

"हो. तुम्ही दिलाय."

रणजीतला राग यायला पाहिजे होता. इतरांवर तो फुकटात यायचा. आज मागवूनही येईना. उलट ओठाच्या कडेला काहीतरी हुळहुळत होतं आणि ते त्याला मान्य नव्हतं. तो पाटावर परत जाऊन बसला. दोन बोटांवर पुट्टी घेतली, खड्ड्यात भरली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"आई, तू मळ्यातनं कांदा घेऊन चाकणला जायचीस, तेव्हा या फाटकातनं बैलगाडी कशी काढायचीस गं?"

मंजुळाबाई एकदम उजळली. नळी तशीच वाहत राहिली.

"डोणीला चिकटून! बैलांना निस्ता आवाज द्यायचा, सर्जा आपसूक वळायचा. तुजा बाप म्हनायचा, अगं जरा लांबनं घे. मी कशाला घेती? चाक माज्या बुडाखाली. वाकून बगितलं की दिसतंय किती कापतंय."

"कधी घासलं नाही?"

"येक बार न्हाई," ती म्हणाली. मग डोणीच्या कोपऱ्याकडे तिची नजर गेली आणि ती पटकन म्हणाली, "पानी वाया चाललंय बग," जसं काही नळी रणजीतच्या हातात होती.

पुट्टी वाळली, घासून झाली. रणजीतने फटीत पत्रिका खोचल्या. दिपालीच्या लग्नातला गणपती बरोबर व्हॉल्व्हपाशी आला. प्रायमर मारला, मग चंदेरी स्प्रे, तीन हलके हात, मग वरून पारदर्शक क्लिअर कोट. उन्हात चाक असं चमकलं की शेजारचा दादासाहेब भिंतीवरून डोकावला.

"रणजीत, विकायची तर इतकी नटवतूस? सासरी पाठवायचीय व्हय?"

"तुमची म्हैस नटवून देऊ का, दादासाहेब?"

"दे की. ती बी आजकाल कुणाचं ऐकत न्हाई."

दुपारी कुलदीप आला. लातूरकडचा गडी, चाकणला येऊन बरीच वर्षं झालेली, पण बोलणं तिकडचंच. आल्या आल्या तो चाकापुढे उकिडवा बसला.

"काय राव, चाकं हायती का आरसे? तोंड दिसायलंय की माझं. नमस्कार काकू. हे बघा, मला गाडी पसंत हाय. फक्त एक चक्कर मारून बघतो. किल्ली?"

रणजीतने खिसा चाचपला. दाराजवळच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी मोकळी होती. मग त्याने तेजस्विनीकडे पाहिलं आणि तेजस्विनीने सासूकडे.

मंजुळाबाईने हात पुसले. कनवटीची गाठ सोडली. किल्ली निघाली. ती कुलदीपच्या पसरलेल्या हातावरून पुढे गेली, चालकाच्या बाजूचं दार उघडलं, सीट सर्रकन पुढे ओढली, पट्टा लावला. तेजस्विनी धावत जाऊन शेजारी बसली. तिने पर्समधून लाल पाटी काढली आणि खिडकीतून हात बाहेर काढून नवऱ्यापुढे धरली.

"मागे लावा."

रणजीतने लावली. डिंकाच्या चौकोनावर, बरोबर.

"काकू चालवणार?" कुलदीप म्हणाला. त्याच्या तोंडाचा आ मिटत नव्हता. "अरे भावा, तू बोलला नाहीस कधी."

गाडी सुरू झाली. एक हिसका बसला, मग सरळ झाली. मंजुळाबाईने स्टिअरिंग फाटकाकडे वळवलं. लवकर. जुन्या सवयीने, डोणीला चिकटून.

"आई, थांब!" रणजीत पुढे धावला. डोण आणि नुकतं वाळलेलं चाक यांच्यामध्ये तो उभा राहिला. "अजून वळू नको. सरळ ये. अजून ये. आता तुझ्या बुडाखाली चाक नाही, ते मागं आहे. तू वळलीस की ते आत कापतं. तुझा खांदा डोणीच्या पुढं जाऊ दे… गेला? आता घे. घे पूर्ण!"

तिने घेतलं. मागचं चाक डोणीपासून चार बोटांवरून निघून गेलं. त्यावर नवा ओरखडा उठला नाही.

कुलदीपने टाळ्या वाजवल्या. भिंतीवरून दादासाहेबानेही वाजवल्या. रणजीत डोणीच्या काठावर बसला. त्याच्या दोन्ही हातांना चंदेरी रंग लागला होता आणि गेरू पँटला लागला होता. तो हसत होता आणि आता लपवतही नव्हता.

"जमलं की गं आई!"

गाडी फाटकाबाहेर जाऊन थांबली. इंजिन चालूच. काच खाली आली. मंजुळाबाई हसत नव्हती. रस्त्याकडच्या त्या पिवळ्या-काळ्या कडेकडे तिने एकदा पाहिलं, मग लेकाकडे.

"जमनारच हुतं. दोन म्हैने म्या लपून शिकले. तुज्या बापानं सर्जाला बाजार दावला, मला सांज झाल्यावर कळलं. मोकळ्या दाव्याला हात लावून बसले हुते. तुजा बाप गेला, आता त्याला काय इचारनार? तू हायेस. सकाळच्यान तू त्या फोनवर कुणाकुणाला दटावतूयास, कुणाला इचारून केलं म्हनून."

"आई, अगं—"

"दिघीला जाऊन येती मी लेकीकडं. तेजू हाय संगं. सांजच्याला येऊ." तिने गिअर टाकला. कुलदीप मध्येच हात वर करून "मग आपला सौदा?" म्हणाला, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिची नजर डोणीवर बसलेल्या लेकावर होती.

"येईस्तवर इचार करून ठेव आन मला सांग. तू माजी गाडी इकाया काडलीस, ती कुणाला इचारून?"