माहेरचं मत

"अगं अयोध्या, यादीत तुझं नावच न्हाय निघालं तर?" रांगेत पुढं उभ्या असलेल्या श्रीदेवीनं वळून विचारलं.

"निघंल की. न निघायला काय झालं?" अयोध्या म्हणाली खरी, पण तिनं पिशवीतलं ओळखपत्र पुन्हा चाचपून पाहिलं.

घरोघर वाटलेल्या मतदान चिठ्ठ्यांत तिची चिठ्ठी नव्हती. 'लगीन झालेल्या पोरींची नावं काढलीत म्हणं,' असं आईनं फोनवर सांगितलं होतं. तरी चोवीस वर्षांची अयोध्या पहाटेच सासरहून, सास्तूरहून निघाली आणि एसट्या बदलत माहेरी, तेरच्या आपल्या जुन्या शाळेत येऊन उभी राहिली.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. नाव सासरच्या यादीत घालायचा विषय सासरे अधूनमधून काढत, आणि अयोध्याला दर वेळी कुठला तरी कागद सापडत नसे. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मतदान म्हणजे माहेरचा असा एक दिवस, जो कुणाकडं मागावा लागत नाही.

ही युक्ती तिच्या एकटीची नव्हती, श्रीदेवीचीही तीच होती. मागं कडेवर लेकरू घेऊन शिवांजलीही उभी होती. तिघी दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. लग्नांनंतर आज पहिल्यांदा भेटत होत्या. पुरुषांच्या रांगेत मात्र म्हातारेच जास्त. त्यांच्या वर्गातली पोरं पुण्याला कंपन्यांत होती. एका मतासाठी कोण येतंय, म्हणाली होती.

"हळू बोला की जरा! वर्ग हाय का हा?" दारातला पोलीस ओरडला.

"वर्गच हाय साहेब, आमचा सातवीचा!" शिवांजली म्हणाली, आणि अख्खी रांग खिदळली.

आत अधिकाऱ्यांचं बोट यादीवरून खाली सरकू लागलं. एक पान उलटलं, मग दुसरं. अयोध्या टाचा उंचावून यादीत डोकावली.

"अयोध्या बलभीम नाईकवाडी," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"व्हय, मीच!" ती इतक्या जोरात म्हणाली की शाई लावणाऱ्या बाईलाही हसू आलं. तीन वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

संध्याकाळी ती सास्तूरला परतली, तेव्हा सासू धुरपताबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोण कोण भेटलं गं?"

अयोध्यानं सगळं सांगितलं. पोलिसाची गंमत, शिवांजलीचं लेकरू, श्रीदेवीनं आणलेली धपाटी. धुरपताबाईंचे हात थांबले होते.

"माझ्यासंगं माहेरी लक्ष्मम्मा हुती, ल्हानपणची," त्या म्हणाल्या. "तिला लांब कर्नाटकात, आळंदकडं दिली. चाळीस वर्षं झाली, भेट न्हाय." मग जरा पुढं सरकून हळूच विचारलं, "आता माझं नाव माहेरी लावता यील का गं?"

"आत्याबाई, पुढच्या मतदानाला पाच वर्षं हायत हातात. इचारू की!"

"लई पळायची लक्ष्मम्मा," धुरपताबाई म्हणाल्या, "कुणाला म्हणून घावायची न्हाय." आणि गालातल्या गालात हसत त्यांनी पुढची शेंग उचलली.