गालाला लागलेला वारा

बद्द.

दुपारची सामसूम होती. आई शेजारी पापड लाटायला गेली होती. लेक मोना माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली होती, आणि कपाटावरून तात्यांचा बॉल खाली पडला. पडला तो पडल्या जागीच बसला. उडाला नाही, घरंगळलाही नाही.

मोनाचा पाय हळूच बाजूला करून मी तो उचलला. अंगठ्यानं दाबून बघितला. दिवाळीत अंगठा नखभर रुतायचा. आता पेरभर रुतत होता.

म्हणजे वारा जात होता.

तात्या म्हणजे माझे वडील. अख्खी शिवाजी पेठ त्यांना गुंडूतात्या म्हणायची. चौदाव्या वर्षी हातात आरी घेतली, ती चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गेल्या भाद्रपदात खाली ठेवली. घराच्या पुढच्या सोप्यात बसून ते चपला शिवायचे. चपलांवर आमचं पोट चालायचं. फुटबॉल मात्र पेठेचे. तालमीच्या फुटबॉल टीमची पोरं उसवलेले बॉल आणून त्यांच्या पुढ्यात टाकायची, आणि ते हातातली चप्पल बाजूला ठेवायचे. गिऱ्हाईक ताटकळलं तर म्हणायचे, "पावणं, बसा की जरा. तुमचं लग्न उद्या हाय, मॅच आज हाय."

त्याबद्दल त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. तालमीचा चहा मात्र हक्कानं बशीत ओतून प्यायचे. जूनमध्ये शाळा उघडली की म्युनिसिपालटीच्या शाळेच्या पायरीवर बसायचे आणि पोरांच्या दप्तरांचे तुटलेले पट्टे शिवून द्यायचे. हिवाळा लागला की मॅचेस सुरू. मग गोलपोस्टच्या मागं पोतं अंथरून, मेण लावलेला दोरा आणि सुया घेऊन बैठक. एवढ्या वर्षांत गोल किती बघितले कोण जाणे. मान कायम खाली. गोल झालेला त्यांना आवाजावरनं कळायचा, आणि कुणाचा झाला तेसुद्धा.

शहाण्णव सालची फायनल मला आठवते. आमची पेठ एका गोलनं पुढं, चार मिनिटं राहिलेली, दिवस मावळायला आलेला. तेवढ्यात बॉल उसवला. जादाचा बॉल आधीच फुटलेला. सगळं मैदान तात्यांकडं बघत थांबलं. आमच्या तालमीच्या पोरांनी वाकून कानात सांगितलं, "तात्या, जरा दमानं. अंधार पडला की कप आपला." तात्यांनी ऐकलं का नाही, देव जाणे. चार टाके सपासप घातले आणि बॉल आत फेकला. त्याच बॉलवर पलीकडच्या पेठेनं बरोबरी केली आणि टायब्रेकरला कप नेला. आमच्या जोतीरामनं पेनल्टी वर मारली होती, पण पेठेनं राग धरला तो तात्यांवर. आठ दिवस तालमीचा चहा आला नाही. तात्या एवढंच म्हणाले, "बॉल उसवला की शिवायचा. त्यात आपला आणि त्यांचा काय?" नवव्या दिवशी जोतीराम स्वतः किटली घेऊन आला आणि सोप्यात बसला.

लहान असताना माझंही या कामात एक काम होतं. जुन्या बॉलला व्हॉल्व्ह नसायचा. आतल्या रबरी ब्लॅडरला नळी असायची. हवा भरली की नळी दोऱ्यानं बांधायची, आत खुपसायची आणि बॉलचं तोंड चामड्याच्या वादीनं आवळायचं. ती नळी खुपसायला बारीक बोटं लागायची, म्हणून मला हाक यायची. पंप असला तरी पहिली फुंक तात्या तोंडानंच मारायचे, मग ब्लॅडर गालावर फिरवायचे. "बारीक भोक डोळ्याला दिसत न्हाय, गालाला कळतंय." वारा सुटत नाही अशी खात्री झाली, की मगच पंप.

पुढं व्हॉल्व्हचे बॉल आले. माझी बोटं रिकामी झाली. मग लग्न होऊन मी वारणानगरला गेले.

गेल्या श्रावणात आम्ही माहेरी आलो होतो, तेव्हा तात्यांनी एक जुन्या पद्धतीचा बॉल शिवला. कुठल्या तालमीसाठी नव्हता, उगाच, नातीला दाखवायला. पावडर लावून डब्यात जपलेलं ब्लॅडर काढलं आणि फुंक मारली. गाल लिंबासारखे फुगले, तशी मोना खिदळायला लागली. त्यांनी ब्लॅडर तिच्या गालाला लावलं.

"आजोबा, ह्यात काय हाय?"

"माझा वारा हाय. बाहिर सोडू नगंस बरं का."

मी दोरा बांधला, नळी खुपसली, वादी आवळली. बोटं आता जाड झालीत म्हणून तात्या हसले. पंप तालमीत होता. उद्या आणू म्हणाले. तो उद्या राहिला. पंधरवड्यात ते गेले.

लोक आपल्या माणसाचं घड्याळ ठेवतात, चष्मा ठेवतात. मी हा बॉल कपाटावर ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, ह्यांना घरी यायला फुरसत नाही, आईलाही सोबत हवी, म्हणून मी मोनाला घेऊन इथं आले. खरं सांगायचं तर रोज एकदा तो बॉल गालाला लावायला आले.

बॉल पडला त्याच संध्याकाळी जोतीराम आला. आता तो तालमीचा सेक्रेटरी आहे, पोटही सुटलंय.

"काकू, रविवारी तात्यांच्या नावानं मॅच ठेवलीया. दोन्ही पेठा खेळणार. पहिली किक तात्यांच्या शेवटच्या बॉलनं मारायची ठरलंय."

"मग इचारतोस काय? कपाटावर हाय, घेऊन जा की," आई म्हणाली.

"न्हाय," मी म्हणाले.

"का गं?"

"मऊ पडलाय."

"मग पंप कशाला हाय ताई? हाय तो वारा काढतो, टच्च भरून घेतो."

"वारा काढायचा न्हाय."

जोतीरामनं आईकडं बघितलं. "वारणंला जाऊन गुळाच्या ढेपंगत घट्ट झालीया ही. बॉल हाय का देव्हाऱ्यातला नारळ?"

आई हसली. मी आत गेले आणि घासलेली भांडी परत घासत बसले. काय सांगणार होते त्याला? यात माझ्या वडिलांचा श्वास आहे म्हणून? तालमीभर हसला असता. किंवा हसला नसता, आणि मग मला रडू आवरलं नसतं.

तो गेल्यावर आई आत आली. माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"मला काय कळत न्हाय व्हय? त्यांच्या उशीचा अभ्रा मी अजून धुतलेला न्हाय." मग भांडं फळीवर ठेवत म्हणाली, "पण पोरी, वास गेलाच की त्याचा. मी आपली नाक खुपसून बसतीया."

त्यानंतरचे तीन दिवस बॉल दाबून बघायचं धाडसही झालं नाही. रविवारी सकाळी दाबला. अंगठा अर्धा आत गेला.

जोतीराम पंप घेऊन दारात आला तेव्हा मी सोप्यात, तात्यांच्या जागेवर, बॉल मांडीत घेऊन बसले होते. त्याच्यामागं पलीकडच्या पेठेचे म्हातारे हंबीरराव होते. शहाण्णवचा कप ज्यांनी डोक्यावर घेऊन नाचवला, तेच.

"मी भरती," मी म्हणाले. "तू पंप धरून बस."

"वादी नीट आवळा बाई," हंबीरराव म्हणाले. "मधीच सुटली तर परत आठ दिवस चहा बंद." आणि त्यांनी घाईघाईनं उपरण्यानं डोळे पुसले.

वादी सोडली. नळी बाहेर काढली. दोऱ्याची गाठ मीच मारलेली, तरी सुटता सुटेना. सुटली तेव्हा नळी चिमटीत धरून मी गालाजवळ नेली आणि चिमूट जराशी सैल केली.

गालाला वारा लागला. गार नव्हता, ऊनही नव्हता. रबराचा वास, पावडरीचा वास. आणखी एक काहीतरी होतं, का मलाच तसं वाटलं? ते ओळखायच्या आत मी घाबरून नळी दाबून धरली. किती गेला, किती राहिला, कसं कळणार?

जोतीरामनं पंप पुढं केला. मी मान हलवली. पहिली फुंक तोंडानंच मारायची असते. नळी ओठांत धरली आणि आत उरलेल्या वाऱ्यावर माझा श्वास घातला. एक, दोन, तीन. बॉल मांडीत हळूहळू उठून बसला.

मोना केव्हा येऊन गुडघ्याला टेकली होती कळलंच नाही. तिनं बॉलवर गाल ठेवला, बराच वेळ तशीच राहिली. मग मान वर करून माझ्याकडं बघत म्हणाली,

"आई, आता ह्यात कोण हाय? तू का आजोबा?"